कोडिंग क्लबची पहिली बैठक : आधी खडू, मग संगणक

जून उजाडला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला. "सर, पोरगा सातवीत गेला. कोडिंग लावून देऊ का? उशीर तर नाही झाला?" विचारणारा गोंदियातला राइस मिलवाला असो की देवरीकडचा शिक्षक, आवाजातली धास्ती तीच. ही धास्ती विकत मिळालेली आहे. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या व्हाइटहॅट ज्युनिअर कंपनीच्या जाहिरातींत 'वुल्फ गुप्ता' नावाचा एक शाळकरी मुलगा झळकत होता. कोडिंग शिकला आणि म्हणे कोट्यवधींची नोकरी मिळाली! असा मुलगा मुळात नव्हताच, हे पुढे उघड झालं. तक्रारी जाहिरात मानक परिषदेपर्यंत गेल्या आणि कंपनीला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. मुलगा खोटा निघाला, पालकांची झोप मात्र उडाली ती उडालीच.

तर उशीर झालेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगची ओळख सहावी ते आठवीच्या टप्प्यावरच धरली आहे. तुमच्या शाळेत क्लब निघत असेल तर पोराला खुशाल पाठवा. पण पहिली बैठक कशी ठरतेय, हे शिक्षकांना विचारून घ्या. क्लब टिकणार की दिवाळीपर्यंत आटोपणार, याचा अंदाज तिथंच येतो.

पहिला प्रश्न वेळेचा. शाळा सुटल्यावर क्लब ठेवला की मुली गळतात. त्यांना रस नसतो म्हणून नव्हे. मुलींना शाळेत ने-आण करणारी मानव विकासची बस ठरल्या वेळी निघते, ती कोणासाठी थांबत नाही. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावकडे जंगलातल्या रस्त्यानं सायकलवर जाणाऱ्या पोरीला तर अंधाराआधी घर गाठायचं असतं. शनिवारच्या सकाळच्या शाळेतल्या शेवटच्या दोन तासिका मुख्याध्यापकांनी मोकळ्या करून दिल्या, तर हा प्रश्न सुटतो. निरोप देतानाही 'हुशार मुलांसाठी' असं म्हणू नये. तसं म्हटलं की अर्धा वर्ग आपणहून बाहेर बसतो.

दुसरं म्हणजे यंत्रं. शाळेच्या संगणक कक्षात दहापैकी सहा चालू निघाले तर नशीब, आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून पहिला तास संगणकाला हात न लावताच घ्यावा. ही अडचणीतून काढलेली पळवाट समजू नका. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या शिक्षकांनी 'सीएस अनप्लग्ड' ही पद्धत अशीच उभी केली, आणि आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा 'सीएसपाठशाला' उपक्रम याच वाटेनं जातो.

आपल्या भागात या तासाला रोवणीसारखा दुसरा विषय नाही. वऱ्हांड्यात खडूनं चौकटी आखा, ती झाली बांधी. एक पोरगा यंत्र होईल. तो स्वतःच्या डोक्यानं काहीच करणार नाही, सांगितलं तेवढंच करेल. बाकीच्यांनी त्याच्याकडून अख्खी बांधी रोवून घ्यायची. सुरुवातीला सगळे एकदम ओरडतात, "रोव ना रे!" यंत्र ढिम्म. मग कोणाला तरी सुचतं, "वाक. पऱ्हे लाव. एक पाऊल मागे." दुसऱ्या ओळीपर्यंत सांगून सांगून तोंड दुखतं आणि एखादी पोरगी म्हणते, हेच पुन्हा पुन्हा कर. यंत्र बिचारं करत राहतं, मागे मागे सरकत धुरा ओलांडतं आणि भिंतीला टेकतं. वर्ग खदखदून हसतो. थांबायचं कधी, ते कोणी सांगितलंच नव्हतं!

आता शिक्षकांनी गप्प राहावं. 'धुरा आला की थांब, बाजूला सरक, मग पुन्हा सुरू' ही सूचना पोरांनाच सापडू द्यावी. त्यांनी ती झाडीबोलीत सांगावी, पोवारीत, गोंडीत नाहीतर हिंदीत. भाषा सुधारायची ही वेळ नाही.

दुसऱ्या तासाला स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेलं, मुलांना प्रोग्राम करता यावा म्हणून केलेलं हे फुकट साधन. एकदा उतरवून ठेवलं की इंटरनेट लागत नाही. नवी आवृत्ती जुन्या विंडोजवर चालत नाही, मग जुनी आवृत्ती घालावी. पहिल्या दिवसाला ती पुरते. हे शुक्रवारीच तपासून ठेवावं. मुलांना एवढंच काम द्या : सारस काढा, त्याला चालवा आणि पडद्याच्या कडेला आला की परत फिरवा. वऱ्हांड्यातला धुरा इथं पुन्हा भेटतो, आणि पोरांच्या ते लगेच ध्यानात येतं. एका संगणकावर दोघं बसवावेत, माउस दर थोड्या वेळानं बदलावा. नाहीतर घरी लॅपटॉप असलेलाच तो धरून बसतो.

पालकांना बैठकीला बोलवावं, पण मागच्या बाकावर. तिथून बघायचं ते एवढंच, की सारस चालेना तेव्हा आपलं पोर काय करतं. सूचना एकेक करून तपासतं, की "सर, होत नाही" म्हणून हात झटकतं? हल्ली चॅटजीपीटी प्रोग्राम लिहून देतं, मग शिकायचं कशाला, असंही विचारलं जातं. लिहून मिळालेलं बरोबर की चूक, हे ठरवायला माणूस लागतोच, आणि त्याची तयारी या अडण्यातच होते.

करिअरचं म्हणाल, तर खरा फाटा दहावीनंतर. आयटीआयला 'कोपा' हा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेड आहे. शासकीय तंत्रनिकेतनाला गोंदियातच प्रवेश घेता येतो : तीन वर्षांची पदविका, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. अकरावी-बारावी विज्ञान केलं तर पुढे एमएचटी-सीईटी. २०२४ पासून बीसीएलाही सीईटी लागते. सातवीतल्या कोडिंगचं प्रमाणपत्र यातल्या कुठल्याही रांगेत मागत नाहीत, गणिताचे मार्क मात्र जागोजागी आडवे येतात. तेव्हा महागड्या ऑनलाइन क्लासचा हप्ता भरण्याआधी पोराचे अपूर्णांक आणि टक्केवारी पक्की आहे का, ते बघा.

शिक्षकांनी पहिल्या बैठकीला आलेल्यांची नावं वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या शनिवारी त्यातले किती परत आले हे मोजावं, आणि मुली किती हे वेगळं मोजावं.