मोतीचा घास

कुत्र्याचे पिलू घरात आले, की मुलांच्या आनंदास पारावार राहत नाही. परंतु त्या पिलाने समोरच्या अन्नावरून तोंड फिरविले, म्हणजे त्या आनंदाची जागा काळजी घेते. एका घरी असेच घडले.

आजोबांनी शेतावरच्या कुत्रीचे दोन महिन्यांचे पिलू घरी आणले. मुलांनी त्याचे नाव मोती ठेविले. रात्रभर तो दाराशी कुईंकुई करीत राहिला. सकाळी नातीने दुधात भाकरी कुस्करून त्याच्यापुढे ठेविली. त्याने ती हुंगली, दोनदा जीभ लावली आणि तो दूर झाला. नातवाने बिस्कीट आणले. मग गूळ आणला. मग शेव आणली. घटकेघटकेला नवा पदार्थ आणि भोवती शेजारच्या मुलांचे कोंडाळे! दुपारी नातवाचा धीर सुटला. त्याने पिलाचा जबडा धरून घास आत कोंबला. मोती ठसकला, धडपडत निसटला आणि पलंगाखाली जाऊन बसला. त्यानंतर नातू नुसता जवळ आला, तरी तो अंग चोरू लागला.

“आजोबा, मोती जगेल ना हो?” नातीने रडवेल्या स्वरात विचारले. नातू मात्र काहीच बोलला नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी आजोबा दोन्ही मुलांसह मोतीला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्याचा ताप पाहिला, हिरड्या तपासल्या, पोट चाचपले. उलटी वा जुलाब झाले काय, पाणी पितो काय, हेही विचारून घेतले.

“पिलू आजारी नाही, भ्यालेले आहे,” ते म्हणाले. “तरीपण तुम्ही वेळेवर आलात, हे उत्तम केलेत. मोठा कुत्रा एखादा दिवस उपाशी राहू शकतो. लहान पिलाच्या अंगी तेवढा साठा नसतो. त्याच्या रक्तातील साखर लवकर उतरते. उद्या सकाळपर्यंत याने काही खाल्ले नाही, किंवा उलटी, जुलाब, सुस्ती यांपैकी काहीही दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला घेऊन या.”

“पण डॉक्टर, भीतीचा आणि भुकेचा काय संबंध?” नातवाने हळूच विचारले.

“फार जवळचा संबंध आहे, बाळ. अमेरिकेतील शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १८९७ पासून क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराचे निरीक्षण केले. मांजर घाबरले किंवा चिडले, की त्याच्या जठराची हालचाल थांबे. ते शांत झाले, की पुन्हा सुरू होई. मोती कालपर्यंत आईच्या कुशीत आणि भावंडांच्या गर्दीत जेवत होता. आज घर नवे, माणसे नवी आणि त्यात जबरदस्ती! अशा वेळी त्याला भूक कशी लागावी? घास तोंडात कोंबता येतो. भूक कोंबता येत नाही.”

मग त्यांनी रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांची हकीकत सांगितली. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडास, अन्न घेऊन येणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी पाणी सुटत असे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ओळखीचा माणूस यांनी भूक जागी होते, हे मुलांच्या ध्यानी आले.

डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, लसींच्या तारखा लिहून दिल्या आणि जेवणाचा क्रमही ठरवून दिला. दिवसातून चार वेळा थोडे थोडे अन्न द्यावे. वाटी नेहमी एकाच शांत कोपऱ्यात ठेवावी आणि वीस मिनिटांनी, अन्न उरले तरी, उचलावी. मधल्या वेळी खाऊ देऊ नये. पाणी मात्र सदैव भरलेले असावे. पिलू आधी जे खात होते, तेच काही दिवस द्यावे आणि बदल हळूहळू करावा. अन्न मऊ व कोमट असावे. कोमट अन्नाचा वास अधिक दरवळतो, आणि कुत्रा आधी नाकाने जेवतो. गाईचे दूध काही पिलांना पचत नाही व त्यांना जुलाब होतात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण ही तर कुत्र्यास घातक असतात. शिजविलेल्या हाडांच्या टोकदार ढलप्या निघतात. म्हणून तीही देऊ नयेत.

मोती शेतावर भाकरी आणि उकडलेले अंडे खात असे. रात्री आजोबांनी कोमट पाण्यात भाकरी भिजवून तीत अंडे कुस्करले आणि वाटी नातवाच्या हाती दिली. “तूच ठेव. ठेव आणि मागे सर.”

नातवाने वाटी कोपऱ्यात ठेविली आणि तो दूर, पाठ फिरवून बसला. बराच वेळ काहीच हालचाल नव्हती. मग पलंगाखालून नखांचा बारीक आवाज आला आणि पाठोपाठ चाटण्याचा. मागे वळून पाहण्याची अनावर इच्छा त्याने दाबून धरिली. वीस मिनिटे झाली. मोतीने निम्मे अन्न खाल्ले होते.

आजोबा वाटी उचलू लागताच नात म्हणाली, “राहू द्या ना, आजोबा! रात्री त्याला भूक लागली तर?”

“पाणी आहे तेथे. पहाटे आपण उठूच. भूक लागली, तरच सकाळी तो वाटीकडे येईल,” आजोबा म्हणाले.

सकाळी मोतीने वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. चार-पाच दिवसांत पावलांची चाहूल लागताच तो शेपूट हलवीत कोपऱ्यात येऊन उभा राहू लागला. नातवाच्या हातून घास घेण्यास मात्र त्याला तीन आठवडे लागले. तोवर नातवाने एकदाही घाई केली नाही. दर रविवारी मोतीचे वजन करून तो वहीत लिहीत असे.

पुढे चौथ्या महिन्यात मोती पुन्हा रेंगाळत जेवू लागला. पिलाचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येण्यास याच सुमारास आरंभ होतो आणि हिरड्या दुखतात. या खेपेस मुले गोंधळली नाहीत. त्यांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, भाकरी अधिक भिजविली आणि वाटी नेहमीच्या जागी ठेवून ती मागे सरली.

स्वाध्याय

१. मोतीने पहिल्या दिवशी अन्न का खाल्ले नाही?
२. कॅनन व पावलोव यांच्या निरीक्षणांवरून कोणत्या दोन गोष्टी समजतात?
३. पिलाला डॉक्टरांकडे तत्काळ केव्हा न्यावे?
४. नातू पाठ फिरवून का बसला असावा? तुमच्या शब्दांत सांगा.