एजंटच्या टूलचं वर्णन: खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनवरून शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष अशा नोंदी करण्याचं काम आता एआय एजंटकडे देता येतं. एक टूल पान वाचून देतं, दुसरं आधीची नोंद शोधतं, तिसरं नवी साठवतं. कोणतं टूल कधी वापरायचं आणि कुठल्या फील्डमध्ये काय भरायचं, हे एजंट मुख्यतः टूलच्या वर्णनावरून ठरवतो. अशा कामाला ग्रंथालयाचे पैसे देण्याआधी वर्णनाच्या या चार-पाच ओळी वाचून घ्या.

बिल कसं लागतं

बिल टोकनवर लागतं. टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा. एजंटच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे त्यामागच्या एआय मॉडेलला केलेल्या प्रत्येक विचारणेला, सगळ्या टूलची वर्णनं मॉडेलकडे पुन्हा जातात, मग ते टूल वापरलं जावो वा न जावो.

हिशेब मांडू. १० टूल, प्रत्येकाचं वर्णन १५० टोकनचं, एका पुस्तकाला ४ फेऱ्या आणि पुस्तकं १०,०००. झाले ६ कोटी टोकन. दहा लाख टोकनला ३ डॉलर आणि डॉलरला ९० रुपये धरले, तर नुसत्या वर्णनांचे १६,२०० रुपये. पानं वाचण्याचा आणि उत्तरांचा खर्च वेगळा.

इथे हात आखडू नका

साठवण्याच्या टूलचं वर्णन बरेचदा इतकंच असतं: ‘दस्तऐवजाचा मेटाडेटा अपडेट करते.’ फील्डचं नाव ‘तारीख’. शीर्षक पानावर ‘शके १८४५’ छापलेलं पुस्तक आलं की एजंट १८४५ भरू शकतो. पुस्तक १९२३-२४ सालचं, नोंद ७८ वर्षं मागची. १८४५ हे साल मराठी पुस्तकाला अशक्य नाही, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेतही येत नाही.

तेच वर्णन असं लिहावं:

‘एका पुस्तकाची नोंद साठवते. नोंद आधी असेल तर फक्त दिलेली फील्ड बदलते, बाकीची तशीच ठेवते. प्रकाशनवर्ष: चार अंकी इसवी सन. पानावर शके असेल तर ७८ मिळवा. छापलेला मजकूर टीप या फील्डमध्ये जसाच्या तसा द्या. वर्ष सापडलं नाही तर फील्ड रिकामं ठेवा, अंदाज करू नका.’

इंग्रजी वर्ष पालटल्यानंतर गुढीपाडव्यापर्यंत छापलेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात. म्हणूनच मूळ मजकूर जपायचा. ग्रंथपालाला नंतर पडताळता येतो.

या जादा ओळींना १०० टोकन धरा. वरच्याच हिशेबाने १,०८० रुपये. त्या नसल्यामुळे १०,००० पैकी ५०० नोंदी चुकल्या आणि एक दुरुस्त करायला ६ मिनिटं लागली, तर ५० तास जातात. तासाला १५० रुपये धरले तरी ७,५०० रुपये.

वर्णनात काय हवंच

• टूल काय करतं आणि कधी वापरू नये.
• जुनी नोंद पुसली जाते की तिच्यात भर पडते.
• ‘क्रमांक’ म्हणजे दाखल क्रमांक की वर्गांक.
• संपादक, अनुवादक कुठे जातात. डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाण आराखड्याच्या १५ फील्डमध्ये मुख्य लेखकासाठी एक आणि सहभागींसाठी दुसरं फील्ड आहे.
• माहिती नसेल तर काय करायचं.

इथे वाचवा

टूलची संख्या कमी करा. शीर्षक बदलण्याचं एक, लेखक बदलण्याचं दुसरं, अशी वेगळी टूल ठेवू नका. दहाची चार केली तर १६,२०० चे ६,४८० होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एजंटला टूल जोडण्याची मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही पद्धत आणली, तेव्हापासून तयार टूलचे संच जोडणं सोपं झालं आहे; पण संचातली नको असलेली टूल बंद करायला विसरू नका.

पुनःपुन्हा जाणारा मजकूर कॅश करा, म्हणजे मॉडेलच्या बाजूला तात्पुरता साठवून ठेवा. अँथ्रॉपिककडे कॅशमधून वाचलेल्या टोकनला मूळ दराच्या एक दशांश दर लागतो. कॅश पहिल्यांदा भरताना मात्र थोडा जादा पडतो. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, तेव्हा दोन्ही भाषांत मोजून पाहा. तरीही वर्णन ग्रंथपालाला वाचून तपासता येईल अशाच भाषेत ठेवा.

पैसे देण्याआधी

काम करणाऱ्याकडून प्रत्येक टूलचं वर्णन लेखी मागा. मग तुमच्या कपाटातली ५० अवघड पुस्तकं निवडा: शके छापलेली, वर्ष नसलेली, टोपणनावाची, दोन संपादकांची. तेवढ्यांवर एजंट चालवा आणि नोंदी पुस्तक हातात घेऊन ताडून पाहा. जिथे चूक दिसेल तिथे वर्णनात एक वाक्य घाला आणि पुन्हा चालवा. या ५० पुस्तकांना एखादा दिवस लागेल. उरलेल्या ९,९५० नोंदी त्यानंतरच सुरू करा, कारण चुकीचं साल पडलेलं पुस्तक कपाटात असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही.