रेवदंड्याचा दरवाजा: प्रवेश फुकट, मग पैसे जातात कुठे?

तटबंदीच्या आत अजूनही गाव नांदते आहे, अशा कोटाचा जुना दरवाजा पेण-रोह्याकडून एका दिवसात पाहून यायचा असेल, तर रेवदंडा गाठा. कोट पोर्तुगिजांचा, बांधकाम १५२४ च्या सुमाराचे, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. स्थानिक लोक त्याला आगरकोट म्हणतात. दरवाजाला तिकीट नाही, खिडकी नाही, वेळापत्रक नाही. दरवाजात उभे राहून कोणी प्रवेशाचे पैसे मागितले तर देऊ नका. तुमचा खर्च होतो तो वाटेत, पार्किंगला आणि जेवणाच्या ताटात.

पेणहून अंतर वडखळ, पोयनाड, अलिबाग, चौल असे साधारण ४८ किमी. मुरूडकडे जाणारी एसटी मिळाली तर अलिबागला उतरावे लागत नाही. नाहीतर अलिबाग स्टँडवर गाडी बदला. एसटीचे भाडे ६ किमीच्या टप्प्यावर लागते. जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा १० रुपयांच्या जरा वर आहे. म्हणजे ८ टप्प्यांचे माणशी ८० रुपयांच्या आसपास. महिलांना अर्धे तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड बरोबर ठेवायलाच हवे. वय चेहऱ्यावर दिसत असले तरी वाहक पुरावा मागतो, आणि तो मागणे त्याचे कामच आहे. शिवशाहीचा टप्पा महाग पडतो, चढण्याआधी पाटी वाचा. पनवेल-अलिबाग विनाथांबा गाडी पेणला थांबेल असे धरून चालू नका.

रोह्याहून सरळ वाट साळावची. चणेऱ्यावरून साळाव नाका, मग कुंडलिका खाडीवरचा पूल, की समोर रेवदंडा. अंतर ३५ ते ४० किमी, एसटीने ७० रुपयांच्या आसपास. अलिबागकडून फिरून जाण्यात वेळ आणि भाडे दोन्ही वाया जाते. मात्र या मार्गावर गाड्या कमी आहेत. रोहा स्टँडवर चढतानाच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर विचारा आणि कागदावर लिहून घ्या. मोठी गाडी करून जाणार असाल तर साळाव पुलावर त्या दिवशी जड वाहनांना परवानगी आहे का, तेही आदल्या दिवशी विचारून ठेवा.

पेणकरांसाठी एक चांगली सोय आहे: जाताना अलिबागवरून जा, येताना साळावमार्गे रोहा गाठा आणि तिथून दिवा-रोहा मेमूने पेणला या. तिकीट साधे, अनारक्षित. मेमू दिवसातून मोजक्याच वेळा असते, म्हणून आधी तिची वेळ पाहा आणि मग उरलेला दिवस आखा.

स्वतःची कार असेल तर पेणहून जाऊन-येऊन १०० किमी, म्हणजे पेट्रोलचे साधारण ७०० रुपये. चौघे असाल तर एसटीपेक्षा फार महाग नाही. दोघांसाठी मात्र एसटीच परवडते. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी वडखळ ते अलिबाग रस्ता तुंबतो. तासाभराच्या वाटेला दोन तास धरा, किंवा मधल्या वारी जा.

अलिबागहून पुढे मिनीडोरही मिळते. तिच्यात बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: भाडे माणशी आहे की पूर्ण गाडीचे, गाडी स्टँडपर्यंत जाणार की नाक्यावर सोडणार, आणि थांबून परत आणणार असेल तर थांबण्याचे वेगळे किती. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. भाडे ठरते, थांबण्याचे बोलायचे राहून जाते, आणि वाद परतीच्या वेळी होतो.

आता कोट. मोठे दरवाजे दोन: उत्तरेकडचा जमिनीच्या बाजूचा आणि खाडीच्या बाजूचा. अलिबागहून येणारा रस्ता तटबंदीतूनच आत शिरतो, आणि म्हणूनच बहुतेक लोक गाडीत बसल्या बसल्या ती ओलांडून पुढे जातात. तसे करू नका. स्टँडवर उतरा आणि चालत मागे या. भिंतीची जाडी आणि दगडांची रचना जवळ गेल्यावरच कळते. रस्ता वाहता आहे, फोटोसाठी मधोमध उभे राहू नका आणि मुलांचा हात सोडू नका. दरवाजाला अर्धा तास पुरतो. सातखणी मनोरा, चर्चचे अवशेष आणि समुद्राकडची तटबंदी धरली तर तीन तास ठेवा. मनोऱ्याला सात मजले होते म्हणून ते नाव, आज वरचे मजले पडलेले आहेत. त्यावर चढू नका, चुना सुटलेला आहे.

बरेच अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहेत आणि या वाड्या खासगी आहेत. फाटक उघडे दिसले तरी आधी हाक मारा. विचारल्यावर लोक सहसा वाट दाखवतात, न विचारता शिरलात तर चिडतात, आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढते, बूट घाला. दगडावर नाव कोरण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नका. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ड्रोन घरीच ठेवा.

किनाऱ्याजवळ गाडी लावताना कोणी पैसे मागितले तर छापील पावती मागा. पावती ग्रामपंचायतीची असेल तर द्या. हाताने लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे.

समुद्राकडची तटबंदी ओहोटीला पाहायची. भरतीला पाणी वर येते. त्यासाठी ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरते. तिथीची पाऊणपट करा, तो पूर्ण भरतीचा तास. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या सुमाराला पाणी सर्वांत खाली असते, द्वादशीला तीनच्या. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी सवड ठेवा. याच हिशेबावर त्याच दिवशी अलिबागचा कुलाबा किल्लाही जोडता येतो. तिथे मात्र पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे: भारतीयांना जागेवर २५ रुपये, ऑनलाइन २०, पंधरा वर्षांखालील मुलांना माफ. ओहोटीला चालत जाता येते. घोडागाडी केलीत तर दर जाऊन-येऊन आहे की फक्त जाण्याचा, आणि माणशी आहे की गाडीचा, हे बसण्याआधी ठरवा. पाणी चढू लागल्यावर परतीची घासाघीस तुमच्या हातात राहत नाही.

जेवण. पाटीवर मासळी थाळीचा दर दिसतो, पण पापलेट-सुरमईचा तुकडा बऱ्याच ठिकाणी आकारावर लावतात. मासा ताटात येण्याआधी दाखवायला सांगा आणि दर आकड्यात विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजे म्हणून मिळणारे पापलेट बहुधा बर्फातले असते. त्या महिन्यांत सुके बोंबील किंवा जवळ्याचे जेवण घ्या, स्वस्त आणि चवीचे. बिलात जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक पाहा. क्रमांक नसेल तर कर घेता येत नाही. सेवा शुल्क देणे सक्तीचे नाही. काढायला सांगा, ते काढावे लागते.

राहायचे असेल तर प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र लागते. घरगुती मुक्कामाचा दर ठरवताना जादा गादी, सकाळचा चहा-नाश्ता आणि गरम पाणी यांचे पैसे आत धरले आहेत का आणि खोली सोडण्याची वेळ कोणती ते विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट काय, तेही त्याच संदेशात मागा. परदेशी पाहुणे बरोबर असतील तर घरमालकाला त्यांची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते, म्हणून त्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा सोबत हवा. ही नोंद करायला मालक तयार नसेल तर तिथे खोली घेऊ नका.

दिवसभरासाठी पेणहून एसटीने निघालेल्या नवरा-बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला प्रवासाचे जाऊन-येऊन ३२० रुपयांच्या आसपास पडतात. जेवण वेगळे. सुटे पैसे आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घरूनच घ्या. टोपी विसरू नका, तटबंदीवर सावली नाही.