परक्या डोळ्यांनी टिपलेली अमेरिका
निपाणीच्या बाजारात ‘फोटो काढतो’ म्हणताच माणूस टोपी सावरून ताठ उभा राहतो, आणि त्याचे नित्याचे जीवन निसटते. रॉबर्ट फ्रँकने ते निसटू दिले नाही. हा स्वित्झर्लंडचा तरुण १९४७ साली अमेरिकेस गेला. १९५५-५६ मध्ये जुन्या मोटारीतून देशभर हिंडत त्याने लहानशा लायका कॅमेऱ्याने सुमारे २७,००० छायाचित्रे टिपली. ग्रंथासाठी निवडली अवघी ८३. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रॅममध्ये गोरे पुढे, कृष्णवर्णीय मागे. तेथील लोकांच्या अंगवळणी पडलेले हे दृश्य परक्याच्या डोळ्यांस खुपले. आर्कान्सात त्याचा अवतार पाहून व परका हेल ऐकून पोलिसांनी त्यास कोठडीत टाकले. (हेलावरून माणूस पारखण्याची खोड आम्हां सीमाभागातील लोकांस अपरिचित नाही!) ग्रंथ १९५८ साली प्रथम निघाला तो पॅरिसला. १९५९ च्या अमेरिकन आवृत्तीतील अंधूक, तिरप्या चित्रांस तेथील टीकाकारांनी नावे ठेवली. १९६३ साली फ्रँकने त्याच देशाचे नागरिकत्व पत्करले.