वैद्यकीय पोथ्या व दप्तरांचा नाश : हेतू आणि प्रतिबंध

प्रास्ताविक

चरकाचार्यांनी परीक्षेची साधने सांगताना आप्तोपदेशाचा उल्लेख प्रथम केला आहे. हा आप्तोपदेश आपल्यापर्यंत पोहोचतो तो मात्र ताडपत्र, कागद आणि शाई या नाशवंत द्रव्यांच्या आधारे. आधार गेला की उपदेशही जातो. औषधी द्रव्यांच्या साठवणीविषयी आपण जितके दक्ष असतो, तितके ग्रंथ व दप्तरे यांच्या साठवणीविषयी असतो काय, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्राचे झालेले नुकसान

ग्रंथलोप ही आयुर्वेदाला नवी गोष्ट नाही. उपलब्ध चरकसंहितेच्या १२० अध्यायांपैकी चिकित्सास्थानातील १७ आणि कल्प व सिद्धी या स्थानांतील प्रत्येकी १२, असे एकूण ४१ अध्याय दृढबलाने पूर्ण केले. मूळ भाग मिळत नसल्याने अनेक तंत्रांतून विषय गोळा करावा लागला, असे तो स्वतःच नमूद करतो. म्हणजे संहितेचा तिसरा हिस्सा त्याच्या काळीच दुर्मिळ झालेला होता. अग्निवेशाचे सहाध्यायी जतूकर्ण, पराशर व क्षारपाणि यांची तंत्रे तर आज केवळ टीकाकारांनी दिलेल्या उताऱ्यांतूनच ओळखावी लागतात.

काश्यपसंहिता नेपाळमधील खंडित ताडपत्रांवरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाली. बालरोगावरील या आधारग्रंथाची कित्येक पाने हरवलेली आहेत. ती पुन्हा मिळतील याची शाश्वती नाही. भेलसंहिता आपल्या हाती आली ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील पोथीमुळे. मराठी राजे सरफोजी दुसरे (१७९८ ते १८३२) यांनी या संग्रहाची विशेष वाढ केली. एका ठिकाणी पोथी जपली गेली म्हणून एक संहिता, अपूर्ण का होईना, वाचली.

अग्नी : अलीकडील उदाहरणे

पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला. अशा घटना केवळ गतकाळातील मानण्याचे कारण नाही. १९८१ च्या मे महिन्याअखेरीस श्रीलंकेतील जाफना सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. त्यात सुमारे ९७,००० ग्रंथ नष्ट झाले व अनेक ताडपत्री पोथ्याही गेल्या.

२ सप्टेंबर २००४ रोजी जर्मनीतील वायमार येथील ॲना अमालिया ग्रंथालयास आग लागली. सुमारे ५०,००० ग्रंथ जळाले आणि सुमारे ६२,००० ग्रंथांची आग व पाणी यांमुळे हानी झाली. विशेष म्हणजे ग्रंथ नव्या सुरक्षित भांडारात हलविण्याचे काम काही आठवड्यांतच सुरू व्हावयाचे होते. चौदा वर्षांनी, २ सप्टेंबर २०१८ रोजी, ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा बहुतांश संग्रह जळाला. तेथे आगीचा उगम वातानुकूलन यंत्रात असल्याचे तपासात दिसून आले. जवळच्या अग्निशामक नळांना पुरेसे पाणीही नव्हते. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत शासकीय कागदपत्रांची मोठी हानी झाली.

या घटनांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. आग मोठी असली तरी तिचा हेतू अनेकदा क्षुल्लक असतो. आणि ‘पुढील महिन्यात करू’ हे उत्तर आगीला चालत नाही.

मंद नाशाचे हेतू

आग आशुकारी आहे. ओल, कीड व आम्ल हे चिरकारी होत. आपल्या कोकण व घाटमाथ्यावरील हवेत यांचेच प्राबल्य अधिक.

१) ओल. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांवर राहिली की कागदावर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. बाहेरील भिंतीला टेकविलेले लोखंडी कपाट आतून थंड व दमट राहते.

२) कीड. वाळवी, कसर आणि झुरळे यांना खळीने चिकटविलेले पुठ्ठे विशेष प्रिय असतात.

३) शाई. काजळ व डिंक यांची शाई प्रकाशाने फिकी होत नाही, परंतु पाण्याने पसरते. हिरडा व हिराकस यांची शाई मात्र कालांतराने कागदच खाते आणि अक्षरांच्या जागी छिद्रे पडतात.

४) कागद. जुना हातकागद चिवट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेला लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लधर्मी असल्याने पिवळा पडून तुकडे होतो. त्यामुळे कित्येकदा दोनशे वर्षांची पोथी सुस्थितीत असते आणि शंभर वर्षांपूर्वीची छापील प्रत हाताळता येत नाही.

५) अज्ञानजन्य उपचार. याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या चुकीचे आहे. गुरुजींनी आपल्या हस्ताक्षरातील योगांचे एक बाड विश्वासाने सोपविले होते. फाटलेली पाने चिकटपट्टीने जोडून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवले. दोन पावसाळ्यांनंतर पिशवी उघडली तेव्हा आत बुरशी माजलेली होती आणि चिकटपट्टीखालील अक्षरे तपकिरी डागात बुडाली होती. घाईने ते बाड उन्हात ठेवले, तेव्हा पाने आक्रसून तडकली. एका तेलाच्या पाठातील मात्रा व अनुपान असलेले पान त्यात गेले. तोपर्यंत गुरुजी दिवंगत झाले होते. विचारावे असे कोणी उरले नव्हते. तो पाठ आज अपुराच आहे.

प्रतिबंध व उपचार

निदानपरिवर्जन हीच येथेही पहिली चिकित्सा होय.

- ग्रंथ व दप्तरे भट्टी, तेल-घृतांचे साठे, गुग्गुळ, राळ व मद्यार्क यांपासून दूर, स्वतंत्र खोलीत ठेवावीत. औषधनिर्मितीच्या नोंदवह्यांनाही हाच नियम लावावा.
- त्या खोलीतील विजेच्या तारा तज्ज्ञाकडून नियमित तपासून घ्याव्यात व रात्री मुख्य बटण बंद करावे. योग्य प्रकारचे अग्निशामक यंत्र दाराशी असावे आणि ते चालविणे प्रत्येक कर्मचाऱ्यास यावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये.
- फळी जमिनीपासून किमान अर्धा फूट वर व भिंतीपासून सुटी असावी. पोथी लाकडी पाट्यांमध्ये, धुतलेल्या सुती कापडाच्या रुमालात बांधावी. प्लॅस्टिक वर्ज्य करावे.
- वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची परंपरा चांगली आहे. कडुनिंबाची पाने मात्र पूर्ण सुकलेली असावीत. ओली पाने बुरशीला आमंत्रण देतात.
- काही जुन्या पिवळ्या कागदांना कीड लागू नये म्हणून हरताळ लावलेला असतो. सोमलाचे हे विष जाणून अशी पाने हाताळताना हातमोजे घालावेत. बोटाला थुंकी लावून पाने उलटू नयेत.
- भिजलेल्या ग्रंथांवर ४८ तासांच्या आत उपाय करावा. पाने बळेने सुटी करू नयेत. टीपकागद घालून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावे. संख्या मोठी असल्यास ग्रंथ पिशवीत घालून शीतपेटीत गोठवावेत व तज्ज्ञांस पाचारण करावे. एवढ्या अल्प काळापुरतीच पिशवी क्षम्य आहे.
- प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. त्याच्या तीन प्रती कराव्यात व त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. एकाच इमारतीतील तीन प्रती या आगीच्या दृष्टीने एकच प्रत होय.

उपसंहार

पाऊणशे वर्षांहून जुन्या, शास्त्रीय मोलाच्या हस्तलिखितांना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पुराणवस्तूंचा दर्जा दिला आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये स्थापन झाले आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम घोषित झाली. परंतु शासनाचा सर्वेक्षक आपल्या माळ्यावरील बाडापर्यंत कधी पोहोचेल हे सांगता येत नाही. पावसाळा मात्र दरवर्षी ठरल्या वेळी येतो.

प्रत्येक वैद्याने व औषधालयाच्या चालकाने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्याकडील हस्तलिखितांची, जुन्या पाठवह्यांची व दुर्मिळ छापील ग्रंथांची यादी करावी. ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही, त्यापासून छायाचित्रणास आरंभ करावा. ज्येष्ठ वैद्य हयात असतील तर त्यांच्या समोर बसून शंकित अक्षरे वाचून घ्यावीत. दृढबलाला जोडण्यासाठी इतर तंत्रे तरी उपलब्ध होती. आपल्या घरच्या बाडातील एखादा अनुभूत योग गेला, तर तो दुसरीकडून जोडता येईलच असे नाही.