वयोमानानुसार पाळीव सशाचा चारा

मुलांच्या हौसेखातर पुष्कळ घरीं ससा पाळतात. परंतु तो नीट राखल्यास ८ ते १० वर्षें जगतो, व पिलाचा चारा म्हाताऱ्यास मानवत नाहीं, हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं.

दूध सुटल्यावर ६-७ महिन्यांपर्यंत पिलास लसूणघास भरपूर घालावा. त्यांतील चुना वाढत्या हाडांस लागतो. पुढें मात्र तोच घास बाधतो. सशाचें शरीर जादा चुना मूत्रावाटे टाकतें, व तो मूत्राशयांत गाळासारखा सांचतो. म्हणून मोठ्या सशाचें मुख्य अन्न वाळलेलें गवतच असावें. त्याचे दांत जन्मभर वाढतात. ते झिजविण्यास गवतासारखी दुसरी कानस नाहीं. कौतुकानें हरभरे व गूळ चारण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

सहाव्या वर्षानंतर दर पंधरवड्यास ससा तोलावा. आम्ही धान्याच्या तराजूंतच तोलतों. दाट केसांमुळें रोडावलेला ससा नुसत्या डोळ्यांस ओळखत नाहीं. वजन घटल्यास प्रथम दांत तपासून घ्यावे. ते ठीक असून मूत्रही स्वच्छ असेल, तर थोडा लसूणघास पुन्हां सुरू करावा. लठ्ठ झाल्यास दाणा बंद. लठ्ठ सशाचें तोंड गुदापर्यंत पोंचत नाहीं, व ज्या मऊ लेंड्या त्यानें पुन्हां खाणें अवश्य असतें, त्या वायां जातात. वाचकांस किळस येईल, पण सशाची प्रकृतीच तशी आहे.

चाऱ्यांतील कोणताही बदल ८-१० दिवसांत थोडा थोडा करावा. पाणी पसरट, जड भांड्यांत ठेवावें.

म्हाताऱ्या सशानें १२ तास चाऱ्यास तोंड लावलें नाहीं, तर उद्यांवर टाकूं नये. आंतड्यांचें चलन बंद पडून तो दगावतो. तत्काळ पशुवैद्याकडे न्यावा.