बर्फ बादलीत, बाटलीत नाही
पोरी, घरी फिल्म डेव्हलप करताना काळोखाची काळजी तू घेशीलच. कपाटात शिरशील, फटीला चादर कोंबशील. पण मुलुंडच्या घरात फिल्म बिघडते ती उजेडापेक्षा पाण्यानं.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेऊन बघ. पुस्तकातल्या वेळा असतात 20 अंशांच्या. माठावर विसंबू नकोस, आपल्या दमट हवेत तो नाशिकसारखा गार पडत नाही. डेव्हलपर, मधलं पाणी, चित्र पक्कं करणारा हायपो, धुण्याचं पाणी, सगळ्या बाटल्या एका बादलीत उभ्या कर आणि बर्फ बादलीत टाक. 24 वर आलं तरी पुरे, पण चारही सारखी हवीत. मी एकदा गार डेव्हलपरमधून काढलेली फिल्म थेट नळाखाली धरली. वरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. तुझ्या आजीच्या बहिणीच्या लग्नाचा रोल होता तो.

डेव्हलपर घरीच कालव: लिटरभर पाण्याला धुण्याचा सोडा 54 ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड 16, इन्स्टंट कॉफी 40. खाण्याचा सोडा चालत नाही, चघळायच्या नारिंगी गोळ्याही नकोत, त्यांत साखर असते. कॉफी बिनचिकोरीची, पण स्वस्तातली. उंची कॉफी यात ओतणं पाप आहे.

पावसाळ्यात सोडा हवेतलं पाणी पितो. काट्यावर 54 दिसतात, त्यात सोडा किती आणि पाणी किती? म्हणून लोखंडी कढईत मंद आचेवर कोरडा परत, गार कर, मग तोल. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, सोडा त्याला खातो. कढई मात्र वेगळी ठेव. 1912-13 साली दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके स्वयंपाकही करत आणि फिल्मची रसायनंही कालवत, असं मी आजीला ऐकवलं होतं. ती म्हणाली, ‘त्यांच्या नवऱ्यानं हरिश्चंद्र काढला, तुम्ही काय काढलंत?’

आधी सोडा पूर्ण विरघळव, मग क जीवनसत्त्व, ते फसफसेल. कॉफी शेवटी. फेस बसू दे. वास घाणेरडा येतो, खिडकी उघड. फिल्म 100 ची घे, 400 वर धुकं चढतं. 20 अंशांवर 15 मिनिटं, 24 वर मी दहा-अकरा देतो. उरलेलं ओतून टाक, ते टिकत नाही.

हायपो 250 ग्रॅम लिटरला. विरघळताना बाटली आपोआप गार पडते, म्हणून थर्मामीटर पुन्हा बुडव. फिल्मच्या शेपटाचा तुकडा आधी त्यात टाकून बघ. तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेव.

शेवटची खळखळ आरओच्या पाण्यात. टाकीत बोअरवेलचं मिसळत असेल तर थेंबांचे डाग पडतातच. मग बाथरूममध्ये गरम पाणी सोडून धूळ बसव, फिल्म दोरीला टांग, खाली वजनाला दोन चिमटे. पंखा नको. जुलैत वाळायला रात्र जाते, तेव्हा सकाळी पहिली आंघोळ कुणाची ते आधीच ठरवून ठेव.